नमुने जिल्ह्यातून गेले, उत्तरं जिल्ह्यात यावीत
बुलढाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
बुलढाणा



डिसेंबर 2024 च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस गळू लागले. आधी डोकं खाजायचं. मग केसांत बोटं घातली की पुंजका हातात यायचा, आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडायचं. लेकरं, कॉलेजात जाणाऱ्या मुली, म्हातारी माणसं, सगळेच त्यात सापडले. पुढे अशा रुग्णांचा आकडा 18 गावांतल्या 279 जणांपर्यंत गेल्याच्या बातम्या आल्या. लग्नाच्या वयाच्या मुलींनी घराबाहेर पडणं सोडलं. पाहुणे येईनासे झाले. आजार जिवावरचा नव्हता, पण गावाची मान खाली घालायला लावणारा होता.

मग पथकं आली. आधी आरोग्य खात्याची, नंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची, पार दिल्ली आणि चेन्नईहून. रक्त घेतलं, लघवी घेतली, गळालेले केस घेतले, टाळूच्या कातडीचे तुकडे घेतले, विहिरीचं पाणी, माती, धान्य घेतलं. लोकांनी काही म्हणजे काही अडवलं नाही. ज्यांना घरातल्या आरशासमोर उभं राहवत नव्हतं त्यांनी डोक्यावरचा पदर, टोपी बाजूला करून डॉक्टरांना आणि कॅमेऱ्यांना डोकी दाखवली. त्यांना एवढंच हवं होतं की हे का झालं ते कुणीतरी सांगावं.

ते कसं सांगितलं गेलं, याविषयी हे पत्र आहे. विज्ञान शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, म्हणून हा विषय मला सोडवत नाही.

पहिला संशय पाण्यावर गेला, आणि तो चुकीच्या जागी होता असं मी म्हणणार नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा आहे. इथल्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि डाळ शिजता शिजत नाही. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या भागात मूत्रपिंडाच्या आजारानं घरंच्या घरं पोळली आहेत. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर आणि विरघळलेले क्षार 2000 मिलिग्रॅमच्या वर नसावेत, असं भारतीय मानक सांगतं. या गावांच्या पाण्यात क्षार आणि नायट्रेट जास्त असल्याचं तेव्हाच्या तपासणीत दिसलं. पण खारं पाणी इथे पिढ्यान् पिढ्या आहे आणि केस तर एका आठवड्यात गेले, याचा मेळ बसत नव्हता. मग बुरशीचा संसर्ग असल्याचं ऐकू आलं. मग शाम्पूचं नाव निघालं. रोज नवं कारण, आणि प्रत्येक कारण वर्तमानपत्रातून किंवा फोनवर आलेल्या व्हिडिओतून गावात पोहोचायचं.

अशा वेळी महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर या प्रकरणात उतरले. विंचूदंशावर प्राझोसिन वापरून कोकणातली शेकडो माणसं वाचवणारे हेच ते डॉक्टर. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तीही या कामासाठीच. त्यांनी पदरमोड करून रुग्णांचे केस, रक्त, लघवी आणि घरातला गहू तपासून घेतला. गहू कंट्रोलचा, म्हणजे रास्त भाव दुकानातून आलेला. त्यात सेलेनियम निघालं, किलोमागे 14.52 मिलिग्रॅम. तोच गहू धुऊन पुन्हा तपासला, तेव्हा 13.61.

या दोन आकड्यांपाशी मला थांबावंसं वाटतं, कारण सगळ्या प्रकरणाची किल्ली त्यांच्यात आहे आणि दहावीच्या मुलालाही ती समजावून सांगता येते. दाण्यावर बाहेरून काही फवारलेलं किंवा सांडलेलं असतं, तर धुतल्यावर आकडा धाडकन खाली आला असता. तो जेमतेम हलला. याचा अर्थ सेलेनियम दाण्याच्या आत होतं. आवर्त सारणीत सेलेनियम गंधकाच्या बरोबर खाली बसतं. दोघांचे गुण इतके सारखे की गव्हाचं मूळ मातीतून गंधक ओढताना सेलेनियमही ओढून घेतं, आणि दाण्यातली प्रथिनं रचताना गंधकाच्या जागी ते बसवतं. ते प्रथिनाचाच भाग झालेलं असतं. म्हणून गहू धुवा, वाळवा, दळा, पोळी तव्यावर भाजा, ते जात नाही.

आणि केसच का गळले, तेही इथेच उलगडतं. केस आणि नखं ज्या केराटिनची बनतात, त्याचा टणकपणा गंधकाच्या अणूंनी एकमेकांना धरून ठेवलेल्या बंधांवर अवलंबून असतो. शरीरात सेलेनियम बेसुमार झालं की ते या बंधांत लुडबूड करतं. केस मुळाशी ठिसूळ होतो आणि ओढला की येतो. थोडं सेलेनियम आपल्याला लागतंच, थायरॉइडचं काम त्याच्यावाचून नीट चालत नाही. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण 55 मायक्रोग्रॅम पुरतात, आणि 400 च्या पलीकडे जाऊ नये असं अमेरिकेतली मानकं सांगतात. आता हिशोब मांडू. दिवसाला 300 ग्रॅम कणकेच्या पोळ्या खाणारं माणूस धरलं, तर 14.52 च्या गव्हातून त्याच्या पोटात दिवसाला 4,300 मायक्रोग्रॅमच्या वर सेलेनियम जातं. मर्यादेच्या दहापटीहून जास्त, आणि रोज.

केस या गव्हातल्या सेलेनियममुळे गळले, या डॉ. बावस्करांच्या निष्कर्षावर वाद झाला. तो गहू पंजाबातून आला असावा, शिवालिकच्या पायथ्याच्या पट्ट्यातून, असं त्यांनी म्हटलं आणि त्यावरही आक्षेप आले. वाद व्हायलाच हवा, शास्त्र त्यातूनच पुढे जातं. होशियारपूर आणि नवांशहर भागातल्या काही जमिनींत सेलेनियम जास्त आहे, हे लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाच्या अभ्यासकांनी कितीतरी वर्षांपूर्वी दाखवलेलं आहे. चीनमधल्या हुबेई प्रांतात एनशी नावाच्या भागात 1960 च्या दशकात गावंच्या गावं केस आणि नखं गमावून बसली होती. तिथे दगडी कोळशातलं सेलेनियम जमिनीत आणि जमिनीतून पिकात उतरलं होतं. 1983 मध्ये त्यावरचा शोधनिबंध छापून आला. म्हणजे या आजाराचं चित्र वैद्यकाच्या पुस्तकात आधीपासून होतं: आधी केस, मागाहून नखं.

साहेब, माझं खरं दुखणं या ‘मागाहून नखं’मध्ये आहे. एप्रिल 2025 मध्ये याच गावांत लोकांची नखं कमकुवत होऊन निखळायला लागली. गावं पुन्हा हादरली, पुन्हा कॅमेरे आले, पुन्हा नव्या आजाराच्या अफवा उठल्या. हाताचं नख महिन्याला जेमतेम तीन मिलिमीटर वाढतं. जो भाग डिसेंबर-जानेवारीत मुळाशी बिघडला, तो वर दिसायला तेवढे महिने लागणारच. फेब्रुवारीत एखाद्या डॉक्टरानं गावाच्या चावडीवर उभं राहून सांगितलं असतं, की काहींची नखंही जातील, घाबरू नका, केसांसारखी तीही परत येतील, तर एप्रिलमधली भीती निम्म्यानं कमी झाली असती. त्याला ना पैसा लागत होता, ना यंत्र. ज्याला कळलं त्यानं ते मराठीत बोलायचं होतं.

मी कुणा एका अधिकाऱ्याला, एका संस्थेला दोष देत नाही. तपासणारे मन लावून तपासतात. पण नमुना इथून पुण्याला, नागपूरला, दिल्लीला जातो, तिथे अहवाल होतो, तो इंग्रजीत होतो, तो ज्या खात्यानं मागवला त्या खात्याला जातो. ज्याच्या डोक्यावरचा केस होता त्याच्याकडे परत येण्याची वाट त्या व्यवस्थेत कुणी आखलेलीच नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची 2017 ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं मात्र म्हणतात की संशोधनाची फळं ज्या समाजावर संशोधन झालं त्याच्यापर्यंत पोहोचली पाहिजेत. आणि माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 सांगतं की सार्वजनिक प्राधिकरणानं माहिती आपणहून जाहीर करावी, आणि ती देताना स्थानिक भाषेचा आणि त्या भागातल्या परिणामकारक मार्गांचा विचार व्हावा. 2005 सालचा कायदा आहे. त्यासाठी शासनाचा नवा निर्णय निघायची वाट पाहावी लागत नाही.

बुलढाणा जिल्ह्याला हे चांगलं जमू शकतं, याचा दाखलाही आपल्याच जिल्ह्यात आहे. जून 2020 मध्ये लोणारचं सरोवर एकाएकी गुलाबी झालं. टाळेबंदीचे दिवस होते. कुणी शेवाळाला दोष दिला, कुणी दैवी कोप म्हटलं, कुणी नवाच उल्कापात झाला म्हणून फोनवर पसरवलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं लक्ष घातलं, पाण्याचे नमुने नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले. आघारकरच्या शास्त्रज्ञांनी काही आठवड्यांत साध्या शब्दांत सांगितलं: पाऊस नव्हता, ऊन कडक होतं, बाष्पीभवनानं खारटपणा वाढला आणि खारं पाणी मानवणारे ‘हॅलोआर्किया’ नावाचे सूक्ष्मजीव फोफावले, त्यांच्या अंगातल्या रंगानं पाणी रंगलं. प्रयोगशाळेत ते जीव तळाशी बसले तेव्हा वरचं पाणी निवळ झालं, यावरून रंग पाण्याचा नसून जीवांचा आहे हेही दिसलं. रोहित पक्ष्याच्या पिसांतला गुलाबी रंगही अशाच रंगद्रव्यातून येतो, ही जोडगोष्ट त्यांनी सांगितली. लोकांना पटलं. कोपाची चर्चा थांबली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लोणारला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाल्याचं जाहीर झालं, नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातली दुसरी पाणथळ.

लोणारवर काय कमी काम झालंय? 1823 मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली. 1912 मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ला टूश आणि रसायनतज्ज्ञ ख्रिस्टी यांनी त्यावर सविस्तर लिहिलं. पण त्यांच्याही कितीतरी आधी लोणारचे लोक सरोवरातून निघणारा क्षार वेगवेगळा करून विकत होते: डल्ला, निमक डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. कुठला साबणाला, कुठला बांगड्यांच्या काचेला, कुठला पापडाला, हे ते बघून सांगायचे. कार्बोनेट जास्त की मीठ जास्त, हा भेद त्यांच्या बोटांना कळत होता. रसायनशास्त्राची ही नावं आपल्या जिल्ह्यातली आहेत, आणि मी शिकवलेल्या एकाही पाठ्यपुस्तकात मला ती भेटली नाहीत. 1973 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातल्या निबंधानं सरोवराचं हे विवर बेसॉल्टमधलं उल्काविवर असल्याचं पक्कं केलं. मंगळाचा अभ्यास करणाऱ्यांना ते म्हणूनच मोलाचं वाटतं, कारण मंगळाचा पृष्ठभागही बेसॉल्टचा आहे. वय आधी 52 हजार वर्षं मानलं जायचं. 2011 मध्ये आर्गॉनच्या समस्थानिकांवरून काढलेलं वय साधारण 5 लाख 70 हजार वर्षं निघालं, म्हणजे दहापटीहून जास्त. बहुतेकांच्या तोंडी मात्र अजून जुनाच आकडा आहे. लोणारच्या शाळेतल्या मुलीला आपल्या गावावर दोनशे वर्षांत जगानं काय शोधलं ते मराठीत, एका जागी वाचायचं असेल, तर तिनं कुठे जावं, हे आपण मला सांगू शकाल का?

ज्याची माहिती अशीच जिल्ह्यातून गेली, त्या वाघाकडे आता येतो. टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण नर, टी1सी1. लोकांनी पुढे त्याला ‘वॉकर’ म्हटलं. फेब्रुवारी 2019 मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याला रेडिओ कॉलर घातली. त्या वर्षीच्या पावसाळ्याच्या तोंडाला तो यवतमाळमधून निघाला, मराठवाड्यातून, तेलंगणातून फिरत 1,300 किलोमीटरची वाट तुडवून डिसेंबरात आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. कॉलर निघेपर्यंत त्याची चाल 3,000 किलोमीटरच्या वर गेली होती. कपाशी-तुरीच्या शेतांतून, नाल्यांच्या काठानं, डांबरी रस्ते ओलांडत, बहुतेक रात्रीचा. दर तासाला त्याचा ठावठिकाणा उपग्रहावरून नोंदवला जात होता. त्या नोंदींनी देशाला एक मोठी गोष्ट शिकवली: टिपेश्वर आणि ज्ञानगंगा यांच्यामधली जमीन कागदावर शेतीची असली तरी वाघासाठी ती वाट आहे, आणि सुमारे 205 चौरस किलोमीटरचं ज्ञानगंगा हे त्या वाटेवरचं ठिकाण आहे.

वाघाचा माग काढायला जी चिकाटी लागली, तिचं मला मनापासून कौतुक आहे. तेवढीच चिकाटी गव्हाच्या पोत्यासाठी का असू नये? एका जनावराचं दर तासाचं पाऊल आपण टिपू शकतो. मग बोंडगावच्या कंट्रोलमध्ये उतरलेलं पोतं कुठल्या मंडीतून निघालं, कुठल्या गोदामात किती महिने राहिलं, हे दुकानाच्या फळ्यावर खडूनं लिहिणं आपल्याला जड का जावं? खरेदीच्या वेळी गव्हाचा ओलावा पाहतात, कचरा पाहतात, किडका-फुटका-सुरकुतलेला दाणा मोजतात. सेलेनियम त्या मोजणीत येत नाही. दिसायला हा गहू चांगलाच असतो, टपोरा, पिवळा. ज्याला तो नाकारून बाजारातून दुसरा आणायची ऐपत आहे, तो आणेल. महिन्याला माणशी पाच किलो धान्यावर ज्याची चूल चालते, त्याला ती मुभा नाही. म्हणून त्याच्या ताटाची काळजी सरकारनं जास्त घ्यायची असते.

वाघाच्या नोंदींचंही तेच मागणं आहे. ज्या शेतांतून तो गेला, त्या शेतांच्या गावांना तो नकाशा पाहायला मिळाला पाहिजे. कुठल्या नाल्यानं जनावर जातं हे कळलं, तर गडी रात्री ओलित करायला जाताना सोबत घेईल, बाई सरपणाला त्या बाजूला एकटी जाणार नाही, आणि नाल्याकाठची झुडपं पेटवण्याआधी दोनदा विचार होईल. वन्यजीवांचं रक्षण गावांच्या मनातून झालं तरच टिकतं, आणि गावाला अंधारात ठेवून गावाचं मन मिळत नाही.

मी हे पत्र आपल्याला का लिहितोय, दिल्लीच्या संस्थांना का नाही, तर या सगळ्या वाटा आपल्या दारात येऊन मिळतात. पुरवठा अधिकारी आपल्या हाताखाली आहेत. आरोग्य, पाणी, वन ही खाती आपण बोलावलं की एका टेबलाला बसतात. लोणारचा विकास, टंचाईचा आराखडा, सगळं आपल्या सहीनं पुढे सरकतं. केसांच्या प्रकरणात रसायन, वैद्यक आणि शेती एकाच दाण्यात होती, पण तपास खात्याखात्यांत वाटला गेला. जनावरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या औषधानं त्यांची मढी खाणारी गिधाडं मेली, तेव्हाही देशानं अशाच वाटणीची किंमत मोजली होती. औषध पशुवैद्यकाच्या वहीत, गिधाड वनखात्याच्या वहीत. दोन्ही वह्या शेजारी मांडून पाहायला वर्षं गेली आणि 2006 मध्ये बंदी येईपर्यंत आभाळ रिकामं झालं होतं.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. जिल्ह्यात येऊन माणसाचं रक्त, विहिरीचं पाणी, शेतातली माती, धान्य, सरोवरातलं पाणी किंवा जंगलातल्या प्राण्याची माहिती नेणाऱ्या प्रत्येक संस्थेनं जिल्हाधिकारी कार्यालयात एक नोंद करावी: काय नेलं, कुठून नेलं, कशासाठी. आणि निष्कर्ष हाती आला की दोन पानांचा मराठी सारांश द्यावा, आकड्यांसकट, आणि ‘अजून नक्की कळलेलं नाही’ असं असेल तर तेही लिहून. लोकांना अर्धवट उत्तराची भीती वाटत नाही, गप्प बसण्याची वाटते. रुग्णांची नावं त्यात अर्थातच नकोत. हा सारांश जिल्ह्याच्या संकेतस्थळावर तर यावाच, पण ज्या गावाचा आहे त्या गावच्या ग्रामसभेत वाचला जावा, आणि वाचायला प्राथमिक आरोग्य केंद्राचा डॉक्टर किंवा तालुक्याचा कृषी अधिकारी उभा असावा, म्हणजे प्रश्नाला उत्तर मिळेल. भाषांतराला माणसं नाहीत, असं कुणी आपल्याला सांगितलं तर कृपा करून ऐकू नका. जिल्ह्यात विज्ञानाची महाविद्यालयं आहेत, शिक्षक आहेत, निवृत्त होऊन घरी बसलेले माझ्यासारखे आहेत. आम्ही हे काम विनामोबदला करू.

कंट्रोलच्या धान्याचे नमुने दर तिमाहीला, तालुक्यातून काही दुकानं चिठ्ठ्या टाकून निवडून, सेलेनियम, शिसं, आर्सेनिक, कॅडमियम यांसाठी तपासून घ्यावेत. तपासणीचा कागद दुकानाच्या दारावर लावावा. याला खर्च येतो, हे मला माहीत आहे. डिसेंबर 2024 नंतर पथकांच्या येण्याजाण्यावर झालेला खर्च त्याच्या शेजारी ठेवून पाहावा, एवढीच विनंती.

सुरुवात बोंडगावपासून व्हावी. त्या 18 गावांतून जे जे नेलं त्याचे सगळे निष्कर्ष, सरकारी संस्थांचे आणि डॉ. बावस्करांचे, जुळणारे आणि न जुळणारे, शेजारी शेजारी मांडून, मराठीत, येत्या ग्रामसभेत वाचून दाखवावेत. त्या दिवशी आपण स्वतः तिथे यावं, ही माझी हात जोडून विनंती आहे.

आपला,
जिल्ह्यातला एक निवृत्त विज्ञान शिक्षक